बस थांब्याखालचा बांध

हसूकाकांबरोबर चालायला जायचं म्हणजे त्यांच्या मागे चालायचं. शेजारी नाही. फुटपाथ चार माणसं मावतील एवढा रुंद असो, नाहीतर सकाळच्या वेळी अख्खा रस्ता मोकळा असो, ते पुढे आणि आपण मागे. सुरुवातीला मला वाटलं, यांना बाईमाणसाशेजारी चालायला संकोच वाटत असेल. मग एकदा माझा नवरा बरोबर आला, तर त्यालाही त्यांनी माझ्या मागे लावलं. "रांगेत ये रं," म्हणाले. आम्ही तिघं त्या लांबरुंद फुटपाथवरून एकामागोमाग एक निघालो आणि समोरून येणारा दूधवाला सायकल थांबवून बघत राहिला.

वर चालता चालता सूचना चालू. "खड्डा!" "निसरडा हाय!" "काटा!" फरशी बसवलेल्या कोरड्या ठणठणीत फुटपाथवर काटा कुठला असायला? पण पुढचा ओरडला की मागच्याने "बगितला" म्हणायचं, हा नियम होता. नाही म्हटलं तर ते जागीच थांबत आणि मागे वळून आपल्या पायांकडे बघत. मी नऊ वर्षांत असे किती न दिसणारे काटे "बगितला" म्हणून ओलांडले असतील, सांगता येणार नाही.

हसुराम म्हात्रे हे त्यांचं पूर्ण नाव. नेरूळच्या गावठाणात त्यांची चार मजली इमारत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. माझा नवरा तळोज्याच्या कंपनीत शिफ्ट करतो, आणि मी इथल्याच एका हॉस्पिटलात ईसीजी काढते. दिवसभर लोकांच्या छातीला वायरी लावायच्या आणि कागदाच्या पट्टीवर त्यांच्या हृदयाची नागमोडी रेघ काढून डॉक्टरांना द्यायची, हे माझं काम. मी डॉक्टर नाही, हे हसूकाकांना मी पहिल्याच महिन्यात समजावलं. "मशीन तूच चालवतंस ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग झाला," म्हणाले, आणि तेव्हापासून मी त्यांची 'डाक्टरीन'.

काका आता नाहीत. पण मला अजून जेवणाच्या वेळी नव्हे, भलत्याच वेळी त्यांची आठवण येते, कारण ते भलत्याच वेळी विचारत, "जेवलीस का गो?" सकाळी सहाला, दुपारी चारला, जिन्यात, बाजारात, कधीही. आम्हालाच असंही नाही. वॉचमनला, पोस्टमनला, मीटर बघायला आलेल्या माणसाला, गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याला, सगळ्यांना तोच प्रश्न. आणि नुसता प्रश्न नसे. आपण चुकून "नाही" म्हटलं की दहा मिनिटांत काकींच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण तिसऱ्या मजल्यावर हजर. आम्ही मूळचे सांगलीकडचे. सुकटीचा वास पहिल्यांदा घरात शिरला तेव्हा नवऱ्याने खिडक्या उघडल्या होत्या. सहा महिन्यांनी तो जिन्यात मुद्दाम रेंगाळायचा आणि जेवूनही "नाही" म्हणायचा.

साऱ्या गावात एकच माणूस होता, ज्याला हसूकाकांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. त्याच्याकडे मी येतेच.

मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा हसूकाका चालतच नसत. घरापासून चहाच्या टपरीपर्यंत शंभर पावलंसुद्धा नसतील, तेवढंही स्कूटरवरून जात. मग एकदा चक्कर आली आणि काकींनी त्यांना धरून माझ्यापुढे आणून झोपवलं. मी वायरी लावल्या आणि म्हटलं, "काका, आता बोलायचं नाही, हलायचं नाही."

"गप रायलो तर मशीनला कसा कलनार मी जिता हाय?"

पहिली पट्टी वाया गेली. दुसरी लावली, तर मधेच मान वर करून म्हणाले, "डाक्टरीन, तू जेवलीस का?" तिसऱ्या खेपेला काकींनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला, तेव्हा कुठे नीट पट्टी निघाली. फारसं काही नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं आणि तळलेलं कमी करा म्हणाले. दुसरी गोष्ट काकांनी ऐकली नाही असं दाखवलं. पहिली मात्र मनावर घेतली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी स्कूटरवर बसून बागेत जाऊ लागले, ट्रॅकवर एक फेरी मारून पुन्हा स्कूटरवर बसून घरी. आठवड्याने तेही सुटलं. "मी काय घान्याचा बैल हाय? फिरून फिरून तिथंच?" त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं.

मग एके दिवशी ते घरातून चालत निघाले आणि तासाभराने घामाघूम होऊन परत आले, चेहऱ्यावर एवढा आनंद की काकी घाबरल्या. त्यांना त्यांचा बांध सापडला होता.

शहर बसवायला जमिनी गेल्या त्याला आता खूप वर्षं झाली. काकांची भातशेती होती, खाडीच्या अंगाला. आज तिथे सेक्टर आहेत, शाळा आहे, लग्नाचा हॉल आहे. पण काकांच्या डोक्यात शेताशेतांमधले ते अरुंद मातीचे बांध जसेच्या तसे होते, आणि त्या दिवशी ते रस्त्यांवरून न चालता त्या बांधांवरून चालले. आता मला त्या रांगेचा उलगडा झाला. बांधावर दोन माणसं शेजारी मावत नाहीत. पुढच्याने बघायचं आणि मागच्याला सांगायचं, नाहीतर मागचा सरळ चिखलात. काका लहानपणापासून असेच चालले होते, आणि पायांखाली फरशी आली म्हणून पायांची सवय बदलली नव्हती.

त्यांच्या मागे त्या वाटेने जाणं ही करमणूक होती. बांध लग्नाच्या हॉलच्या मागून जायचा, शाळेच्या कंपाउंडला चिकटून जायचा, आणि मग थेट एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात शिरायचा. सकाळी दुकान बंद असलं तर काका नाइलाजाने वळसा घालत. संध्याकाळी उघडं असलं की सरळ. पुढच्या दाराने आत, साड्यांच्या आणि शर्टांच्या मधून, मागच्या दाराने बाहेर. "सर, काय दाखवू?" म्हणत मुलगी पुढे आली की, "काय नको गो, जातंय. जेवलीस का?" आणि त्यांच्या मागोमाग मी, ओशाळं हसत. पार्किंगमध्ये उभे राहून सांगत, "हा माझा लांबा वाफा. मी सात वर्षांचा असताना इथं गुडघाभर चिखलात पडलो, बानं शेंडीला धरून वर कारला." हे सांगताना ते पोट धरून हसायचे. शहर आल्याचं त्यांना वाईट वाटलं नसेल असं नाही, पण रडगाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेत आहे तिथेच आहे, वर नुसती फरशी बसलीय, अशा हिशेबाने ते राहत.

बांध संपायचा तो मोठ्या रस्त्यावरच्या बस थांब्यापाशी. तिथे तीन जागांचं लोखंडी बाकडं आहे. काका डावीकडच्या जागेवर बसत. उजवीकडच्या जागेवर आधीच एक माणूस बसलेला असे, काकांच्याच वयाचा, अंगाने बारीक, पांढरी टोपी. दोघांचं एकमेकांकडे लक्ष नाही. मधली जागा रिकामी. बसची वाट बघणारे हातात पिशव्या घेऊन उभे, पण तिथे बसायला गेलं की दोघंही एकदमच "अंहं" करत. अर्धा तास दोघं बसेस बघत बसत, कुठल्याही बसमध्ये चढत नसत, आणि मग एक डावीकडून, एक उजवीकडून असे घरी जात.

ते बाळारामकाका. हसूकाकांचे चुलतभाऊ, आणि गावात तो प्रश्न ज्यांना कधी विचारला गेला नाही ते एकमेव. दोघांची शेतं लागून होती. एका वर्षी नांगरताना बाळारामकाकांनी मधला बांध वीतभर कोरून आपल्या शेतात घेतला, असं हसूकाकांचं म्हणणं. हसूकाकांनीच कोरला, असं बाळारामकाकांचं. त्यावरून जे बोलणं बंद झालं ते तीस-पस्तीस वर्षं. त्या काळात जमिनी गेल्या, रस्ता झाला, बांधाच्या नेमक्या डोक्यावर बस थांबा आला. पण भांडण काही संपलं नाही. मधली रिकामी जागा म्हणजे बांध. आणि आपण एक दिवस गेलो नाही तर दुसरा सरकून बसेल, या भीतीने दोघंही रोज हजर.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही खूप हसलो. नंतर हसू आलं नाही, कारण बाळारामकाकांचं बायपास झालं.

ऑपरेशन उत्तम झालं. अडचण नंतर आली. घरी आल्यावर ते ओट्यावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले ते उठेनातच. खुर्ची ते पलंग आणि पलंग ते खुर्ची. चार महिने झाले, जखम भरली, तरी उजव्या हाताचा तळवा छातीवर दाबूनच बसलेले. त्यांच्या पत्नी यमुनाकाकी त्यांना रिक्षात घालून तपासणीला आणायच्या. मी पट्टी काढायची, ती चांगलीच निघायची. डॉक्टर म्हणायचे, आता चाललंच पाहिजे, असे बसून राहाल तर हळूहळू अंथरूण धराल. बाळारामकाका माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आतमधी शिवन हाय गो. उसवली तं?"

"काका, नाही उसवत. पट्टी बघा, किती छान आहे."

"ती कागदावर हाय."

बाहेर आल्यावर यमुनाकाकींनी माझा हात धरला. "ऑपरेशनमधनं वाचवून आनला गो, आनि आता खुर्ची खातेय त्यांना." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बस थांब्यावर आता हसूकाका एकटेच बसत. मी एकदा चालून दमले होते, उजवीकडच्या रिकाम्या जागेवर टेकायला गेले, तर ते दचकून म्हणाले, "तिथं नको. ती जागा माझी नाय." मग जरा वेळाने, रस्त्याकडे बघतच, "डाक्टरीन, मानूस असा खुर्चीत बसून किती दिस टिकतं?"

मी खरं ते सांगितलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत ते "खड्डा" म्हणाले नाहीत आणि जिन्यात जेवलीस का तेही विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी काय काय केलं! रोज सकाळी बाळारामकाकांच्या ओट्यासमोरून जाताना मुद्दाम जोरजोरात खोकायचे. मागे कोणी नसताना "खड्डा!" म्हणून ओरडायचे. एकदा तर तिथे उभं राहून त्या लंगड्या कुत्र्याला दहा मिनिटं चालण्याचे फायदे सांगत होते. बाळारामकाका समोरच्या भिंतीकडे बघत बसलेले. शेवटी मी म्हटलं, "काका, तुम्हीच जाऊन सरळ सांगा ना."

"मी आधी बोललो तं गाव बोलल, हसू हारला."

"मग हरा की."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. भाकरीही आली नाही, नवऱ्याने विचारलं काय झालं म्हणून.

त्याच सुमाराला आमच्या हॉस्पिटलाने चालण्याचा कार्यक्रम ठरवला. लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी मदत गोळा करायची, आणि लोकांनाही चालायची गोडी लागावी. सकाळी साडेसहाला मैदानातून निघायचं, मोठ्या रस्त्याने जाऊन परत यायचं, चार किलोमीटर. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं आणि दोन कामं दिली. रस्ता आखून बाण लावायचे, आणि गावातल्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला झेंडा दाखवायला आणायचं. दुसरं काम मला सोपं वाटलं.

हसूकाकांना लाल बदाम छापलेला टी-शर्ट दिला. "कुनाचा बदाम हाय हा?" त्यांनी विचारलं. मी लहान मुलांचं सांगितलं. त्यांनी तो आपल्या पांढऱ्या सदऱ्यावरच चढवला, वर टोपी घातली, आणि आरशासमोर उभे राहिले. "आनि वाट कोनची?" मी नकाशा दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग घडी करून खिशात ठेवला आणि मला जेवलीस का विचारलं. मला वाटलं, चला, राग गेला.

त्या दिवशी तीनशे माणसं तरी आली होती. सोसायट्यांमधली, ऑफिसांमधली, आमच्या नर्सेस, बऱ्याच जणांच्या मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं. मोठ्या डॉक्टरांनी हसूकाकांच्या हातात हिरवा झेंडा दिला. काकांनी तो उंच धरून हलवला. टाळ्या वाजल्या. आता त्यांनी बाजूला व्हायचं होतं. ते बाजूला झाले नाहीत. त्यांनी झेंडा खांद्यावर टाकला आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागले.

मी धावत गेले. "काका, नुसता दाखवायचा होता!"

"निशान हातात दिलाव आनि बोलतंस बाजूला हो?" ते न थांबता म्हणाले. "पालखीपुढचा निशान कवा बाजूला होतंय काय?"

यात चूक म्हटली तर माझीच. गावाच्या जत्रेत देवीच्या पालखीपुढे ज्याच्या हातात निशाण असतं तोच वाट दाखवतो, बाकी सगळे त्याच्या मागे, हे मी इतकी वर्षं गॅलरीतून बघत आले होते. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी आमचे बाण डावीकडे दाखवत होते. हसूकाका उजवीकडे वळले, गावठाणात. मागे मोठे डॉक्टर वळले, डॉक्टरांच्या मागे तीनशे माणसं वळली.

गावठाणातली गल्ली अरुंद, त्यामुळे आपोआप रांग झाली. पहिल्याच वळणावर गावची बेंजो पार्टी वाजवत उभी. ती मी सांगितली नव्हती. घराघरांतून बायका बाहेर आल्या, हातात तांबे आणि आरतीची ताटं. पालखी दारात आली की पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घालायची इथली रीत, आणि निशाण पुढे, बेंजो वाजतेय, म्हणजे पायांवर पाणी पडणारच. पहिला तांब्या मोठ्या डॉक्टरांच्या नव्या कोऱ्या बुटांवर रिकामा झाला. डॉक्टर थक्क झाले, मग त्यांच्या कपाळाला कुंकू लागलं, मग हातात गरम भजी आली. हृदयाच्या आरोग्यासाठी निघालेल्या माणसाच्या हातात तळलेली भजी! त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खाऊन टाकली.

"खड्डा!" पुढून हसूकाका ओरडले. मी सवयीने "बगितला" म्हटलं आणि मागे "खड्डा" सांगितलं. माझ्या मागच्या नर्सने तिच्या मागे सांगितलं. तो खड्डा तीनशे माणसांतून मागे मागे जात राहिला, आणि पार शेवटून, मैदानाच्या दिशेने, कोणीतरी हसत ओरडलं, "बगितला!" मग लोकांना ती गंमतच लागली. काटा, चिखल, निसरडं, सगळं मागे जाऊ लागलं. एवढी हसणारी रांग मी आयुष्यात पाहिली नाही.

गल्लीच्या शेवटच्या घरापाशी काका थांबले. ते बाळारामकाकांचं घर. पूर्वी तिथूनच शेतं आणि बांध सुरू व्हायचे. त्यांनी हात वर केला, बेंजो थांबली. ओट्यावर खुर्चीत बाळारामकाका, तळवा छातीवर. हसूकाकांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. लोकांकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, "मंडली, इथून बांध चालू. हा बांध, बगा, या शेवग्याच्या पलीकडून जातंय. शेवगा, हा नल, हा अंगनाचा तुकडा, ह्यो सगला माझा शेत."

तीस-पस्तीस वर्षं भांडण वीतभर जागेचं होतं. आज हसूकाकांनी वीस पावलं आत, थेट बाळारामकाकांच्या अंगणावर हक्क सांगितला होता.

बाळारामकाकांचा तळवा छातीवरून खाली आला. "खोटा!" ते म्हणाले. आवाज चिरका निघाला. मग पुन्हा, जोरात, "तिथून नाय! बांध या अंगानं व्हता!"

हसूकाका अजूनही लोकांकडेच बघत होते. "खुर्चीतून बांध दिसतंय काय कुनाला? ज्याला म्हाईत हाय त्यानं पुढं व्हावा आनि दाखवावा."

बाळारामकाका उठले. यमुनाकाकी चपला घेऊन धावल्या, त्यांच्या पायांत सरकवल्या. ते ओट्याच्या पायऱ्या उतरले, एक, दोन, तीन, आणि हसूकाकांना ओलांडून पुढे झाले. मी शेजारी जायला बघत होते, पण हसूकाकांनी झेंड्याच्या काठीने मला अडवलं आणि मागे लावलं. बाळारामकाका पुढे, त्यांच्या मागे हसूकाका, मग मी, मग यमुनाकाकी, मोठे डॉक्टर आणि सगळं जग.

माझा जीव मात्र मुठीत. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते, श्वास मोजत होते. पण चालणाऱ्याला बोलता येतंय तोवर ठीक, हे आमच्याकडचं साधं गणित, आणि बाळारामकाका बोलायचे थांबतच नव्हते. "इथं खजुरीचा झार व्हता. शेवगा कुठं, बांध कुठं! इथं आमची मोट्टी शिला!" रागाने त्यांची टोपी हलत होती. लग्नाच्या हॉलमागे ते जरा थांबले, कट्ट्यावर हात टेकला. हसूकाकाही थांबले, तेवढंच अंतर ठेवून. मग ते पुन्हा निघाले. शाळेच्या भिंतीपाशी हसूकाकांनी मागून हलकेच म्हटलं, "खड्डा." खरंच एक फरशी उखडलेली होती.

पुढची पावलं थांबली. बाळारामकाकांनी खाली बघितलं.

"बगितला," ते म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला, तो मात्र खरा.

बस थांब्यापाशी पोचायला आम्हाला वीस मिनिटं लागली. बाळारामकाकांनी बाकड्याच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं, तिथून चपलेने फरशीवर एक रेघ ओढली, डावीकडे, हसूकाकांच्या जागेत वीतभर घुसवून. "इथून. समदं गाव बगतंय. इथून व्हता का नव्हता?"

हसूकाका त्या रेघेकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो चालण्याचा नव्हता. मग त्यांनी झेंडा बाकड्याला टेकवून ठेवला.

"बरोबर," ते म्हणाले. "तिथंच व्हता."

गावातली जुनी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. बाळारामकाका आणखी भांडायच्या तयारीने उभे होते, आणि भांडायला कोणी उरलंच नव्हतं. ते आपल्या उजवीकडच्या जागेवर मटकन बसले. हसूकाका डावीकडच्या जागेवर, जरा सरकून, वीतभर सोडून बसले. तेवढ्यात बाळारामकाकांचं लक्ष आपल्या पायांकडे गेलं, मग ज्या वाटेने आलो त्या वाटेकडे. त्यांनी छातीवर हात ठेवला, चाचपला, आणि यमुनाकाकींकडे बघून एखाद्या पोरासारखे हसले. यमुनाकाकी रडत होत्या आणि हसतही होत्या. मोठे डॉक्टर ओल्या बुटांनी पुढे आले, त्यांनी नाडी बघितली, आणि मला म्हणाले, "पुढच्या वर्षी हाच रस्ता ठेवा." एका घड्याळवाल्याने तेवढी तक्रार केली की कपड्यांच्या दुकानाच्या बंद शटरला वळसा घालताना त्याची पावलं चुकली.

दोन दिवसांनी मी हसूकाकांना जिन्यात गाठलं. "काका, खरं सांगा. बांध कुठे होता?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. "आपली वीत. बा मरताना पन बोलला व्हता, वीत आपली हाय."

"मग?"

"त्याच्यावर आता सरकारी बाकडा हाय. दिली तं माझा काय गेला?" मग जरा थांबून म्हणाले, "गेला थोरा. रातभर झोप नाय लागली." आणि हसले. "पन बाल्या कसा चालत व्हता, बगितलास ना? बा चिडला की असाच चालायचा."

त्यानंतर रोज सकाळी दोघं त्या वाटेने जात. पुढे बाळारामकाका, कारण बांध आता त्यांचा होता. मागे हसूकाका. बोलणं सुरू झालं असं काही मी म्हणणार नाही. खड्डा, बगितला, एवढंच. समेट नाही, गळाभेट नाही, कोणी कोणाच्या घरी गेलं नाही. तरी यमुनाकाकींनी ती प्लॅस्टिकची खुर्ची माळ्यावर टाकली.

पुढे आम्ही उलव्याला स्वतःचं घर घेतलं. नंतर काकांशी फोनवर बोलणं व्हायचं, पण डोळ्यांनी पाहिलं ते सामान हलवलं त्या सकाळी, तेच शेवटचं. आदल्या संध्याकाळी निरोप घेऊन झाला होता. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मी बसले होते, मांडीवर काकींनी दिलेला भाकऱ्यांचा डबा. सकाळचे साडेसहा वाजले असतील. शाळेच्या भिंतीपाशी कचऱ्याची गाडी आडवी आली आणि टेम्पो थांबला. बाजूच्या रुंद, रिकाम्या फुटपाथवरून ते दोघं येत होते, एकामागे एक. मी हाक मारणार होते, पण उखडलेली फरशी आली.

"खड्डा," पुढून बाळारामकाका म्हणाले.

मागून उत्तर आलं नाही. बाळारामकाका नियमाप्रमाणे थांबले, वळले. हसूकाका फरशीच्या अलीकडे उभे होते, टोपी हातात घेऊन डोकं खाजवत. मग त्यांनी ती टोपी पुन्हा घातली.

"बाल्या," ते म्हणाले, "जेवलास का रं?"

सकाळी साडेसहाला कोण जेवलेलं असतं! बाळारामकाकांनी तोंड फिरवून चालायला सुरुवात केली, आणि पाठमोरेच म्हणाले,

"जेवलो. तू?"